मॅचिंग दुकानात जुळतं, दारात का नाही?

या वेळी तिन्ही प्रश्न रंगांचेच आलेत, लग्नसराईचा परिणाम असणार दुसरं काय.

प्रश्न : मोरपंखी साडी घेतली, डाळिंबी काठाची. गणपती पेठेत मॅचिंग सेंटरला साडी सोबतच नेली, ब्लाऊजपीस वर ठेवून बघितला, डिट्टो. घरी येऊन अंगणात बघते तर साडी निळसर आणि ब्लाऊज हिरवट! मिस्टर म्हणतात मला तर दोन्ही सेमच दिसतंय. डोळे कुणाचे तपासायचे? – एक ताई, सांगली

उत्तर : ताई, डोळे राहू दे, दुकानातला लाईट तपासा. कापड काय करतं, पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं, तो उरलेला म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. आणि डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी फक्त तीन प्रकारच्या, एक उजेडाच्या लांब लहरींना जास्त दाद देते, एक मधल्या आणि एक आखूड. मेंदूकडं जातो तो या तिघींचा हिशोब, त्यामुळं वेगवेगळ्या डायमधली दोन कापडं एखाद्या उजेडात तोच हिशोब देतात आणि सेम दिसतात, उजेड बदलला की बिंग फुटतं. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीचं सिल्क आणि ब्लाऊजपीसचं कॉटन एकाच डायनं रंगवलेलं असण्याची शक्यता कमीच.

त्यात पांढऱ्या एलईडीची गंमत वेगळी. आत निळी चिप आणि वर पिवळा लेप, म्हणजे निळा भरपूर, पिवळाही भरपूर, पण दोघांच्या मधे ४८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या, म्हणजे निळ्या-हिरवट उजेडाच्या, आसपास खड्डा पडतो आणि मोरपंखीचं सगळं सौंदर्य नेमकं त्याच पट्ट्यात असतं की हो! जुने दुकानदार "दारात नेऊन बघा वहिनी" म्हणायचे ते उगाच नाही.

दुसरी भानगड काठाची. पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका पडतो अशी तक्रार यायची, तिथल्या रंगाई खात्याचा प्रमुख शेव्हरल केमिस्ट होता, त्यानं तपासलं तर धागा एकदम ओके, शेजारी निळा-जांभळा विणला की काळ्याचा जोर जायचा. त्यावर १८३९ ला त्यानं अख्खं पुस्तकच काढलं. तुमचा डाळिंबी काठ पण तेच करतो, शेजारची मोरपंखी उठावदार करतो, ब्लाऊजपीसला काठ नाही म्हणून तो बिचारा मळकट वाटतो. पांढऱ्या कार्डाला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडा, एक साडीच्या अंगावर येऊ दे, एक ब्लाऊजपीसवर, काठ पूर्ण झाकला पाहिजे, आणि दुपारी सावलीतल्या उजेडात बघा. तिथं जुळलं तरच फाडायला सांगा. मिस्टरांचं म्हणाल तर बऱ्याच मिस्टरांना जेवायची वेळ झाली की सगळं सेमच दिसतं.

प्रश्न : ड्रॉईंगचे सर म्हणतात मूळ रंग लाल-पिवळा-निळा, फिजिक्सचे सर म्हणतात लाल-हिरवा-निळा. पेपरात काय लिहू? – अकरावी सायन्स, विटा

उत्तर : ज्या सरांचा पेपर त्यांचं उत्तर! जोक सोड, प्रकाश मिसळला की उजेड वाढत जातो, रंग कालवले की प्रत्येक रंग आपला वाटा गिळतो म्हणून मिश्रण काळपट होत जातं, दोन वेगळे हिशोब आहेत ते, फिजिक्सच्या सरांचा प्रकाशाचा, ड्रॉईंगच्या सरांचा कालवायच्या रंगांचा. मोबाईलवर पूर्ण पिवळा फोटो लाव आणि स्क्रीनवर बोटानं पाण्याचा बारीक थेंब ठेव, थेंब भिंगाचं काम करतो, आत लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एक पण नाही. ड्रॉईंगच्या सरांचं त्रिकूट जुनं आहे, छापखान्यात आता निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा आणि पिवळा चालतो, सोबत काळा.

प्रश्न : मुलगा बेदाणा निवडायला बसला की हिरव्यात तपकिरी दाणे तसेच सोडतो. आमचे हे ओरडतात, लक्ष नाही म्हणतात. – कवठेमहांकाळ

उत्तर : आधी ओरडणं थांबवायला सांगा. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं हे जन्मजात असतं, एक्स क्रोमोझोमवरून येतं आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, म्हणून बापाकडं बोट दाखवून उपयोग नाही. आईला स्वतःला बहुतेक वेळा सगळं नीट दिसतं. माहेरी तुमच्या वडिलांना किंवा भावाला असा घोळ होतो का विचारा. डोळ्यांच्या डॉक्टरकडं इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या असतात, १९१७ पासूनची टेस्ट आहे, ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा, पाच मिनिटांचं काम. गोळ्या-औषध काही नाही, नजर कमी होत नाही. सौम्य ते मध्यम असेल तर २०२० च्या नियमबदलानंतर ड्रायव्हिंग लायसन्स पण मिळतं. रेल्वेत लोको पायलट व्हायचं मनात असेल तर मात्र टेस्ट आत्ताच करून घ्या, आणि बेदाण्याला तोवर दुसरं कुणीतरी बसवा, त्याला वजनाच्या काट्यावर घ्या.