बहिणीच्या फोनवर आलं, माझ्या फोनवर का नाही?

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे आहेत. ॲपमध्ये सतत काहीतरी नवं येत राहतं, ते कसं येतं आणि का येतं? बावीस वर्षं मी याच कामात आहे. आधी टेस्टर होते, आता रिलीजचं काम बघते. नवं फीचर कोणासाठी, कधी आणि किती उघडायचं हे ज्या बैठकीत ठरतं, तिथे मी असते. म्हणून यंदा उत्तरं थोडी लांबली आहेत.

ताई, माझ्या बहिणीच्या फोनवर एका ॲपमध्ये नवं बटण आलंय. माझा फोन तोच, ॲपचं व्हर्जनही तेच. तीन आठवडे झाले तरी माझ्याकडे काही नाही. ॲप दोनदा काढून परत टाकलं. माझ्या खात्यात काही गडबड आहे का?

खातं ठणठणीत आहे, काळजी करू नका. आणि ॲप काढून टाकायचं आता थांबवा. त्याने काही होणार नाही, उलट बॅकअप घेतलेला नसेल तर जुने मेसेज हातचे जातील.

ते बटण बहुधा तुमच्याही फोनमध्ये येऊन पडलेलं आहे, फक्त झाकलेलं आहे. अपडेटबरोबर नव्या फीचरचा कोड सगळ्यांकडे उतरतो, पण तो चालू करायची कळ कंपनीच्या सर्व्हरवर असते. आम्ही तिला फ्लॅग म्हणतो. तुमच्या खात्याच्या क्रमांकावरून एक गणित चालवून ० ते ९९ मधला आकडा काढला जातो. समजा बहिणीचा ३ आला आणि तुमचा ७१. पाच टक्के लोकांना उघडायचं ठरलं की ० ते ४ वाल्यांना बटण दिसतं. तुमची पाळी पाऊणशे टक्क्यांच्या आसपास येईल. यात कोणी तुम्हाला डावललेलं नाही.

एवढं दमादमाने का? एक प्रसंग सांगते. मी ज्या कंपनीत तेव्हा होते, तिथे आम्ही खात्यावर आपल्या लिपीत नाव लिहायची सोय केली होती. माझ्या मनाच्या फार जवळचं काम होतं ते. आठवडाभर मी स्वतः शंभरेक नावं टाकून तपासली. एक टक्क्याला उघडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा स्क्रीनशॉट आला. त्यांचं नाव ज्योत्स्ना. नाव नीट दिसत होतं, पण आडनावाच्या जागी काळा चौकट-आकार आणि त्यात प्रश्नचिन्ह.

'ज्योत्स्ना' मध्ये डोळ्याला अक्षरं दोनच दिसतात, ज्यो आणि त्स्ना. कॉम्प्युटरला मात्र ते दहा तुकडे: ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न आणि काना. अक्षरं साठवायच्या युटीएफ-८ नावाच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइट (साठवणुकीचं लहान माप) घेतो, म्हणजे एकूण ३०. नावाच्या रकान्याची मर्यादा कोणीतरी कधीकाळी ३२ बाइट ठरवून ठेवलेली. रोमन अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे त्या लिपीत ३२ अक्षरं आरामात मावत आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. इथे नावाचे ३०, मधल्या जागेचा १, आणि उरला १. आडनावाच्या पहिल्या अक्षराचा एक तृतीयांश भाग तेवढा आत शिरला आणि बाकीचा छाटला गेला. ते प्रश्नचिन्ह म्हणजे आत शिरलेला तो अर्धवट तुकडा.

मी तपासलेल्या शंभर नावांत एकही असं नव्हतं. ते अजून मनाला लागून आहे. आम्ही त्याच मिनिटाला कळ बंद केली. रकाना मोठा केला, आणि छाटायची वेळ आलीच तर अक्षराच्या मधोमध छाटायचं नाही असा नियम घातला. एकदम सगळ्यांना उघडलं असतं तर लाखो लोकांना आपलंच नाव मोडलेलं दिसलं असतं.

काही वेळा तर फीचर एकालाही न दाखवता चालवून बघतात. २००८ मध्ये फेसबुकने चॅट आणलं, तेव्हा त्यांच्याकडे सात कोटींच्या घरात लोक होते. चॅटची खिडकी दिसण्याआधी काही काळ लोकांची पानं गुपचूप चॅटच्या सर्व्हरला जोडली जात होती आणि लटके मेसेज पाठवत होती, पडद्यावर मात्र काही नाही. ओझं पेलतं का, हे त्यातून कळलं. याला डार्क लाँच म्हणतात.

तेव्हा तीन आठवडे वाट बघायला लागली तर राग मानू नका. बहिणीला काही अडचण आली असेल, तर ती तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच दुरुस्त होते आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे. एखादी गोष्ट हाताला बसते न बसते, तोच बटणाची जागा बदलते. चांगलं चाललेलं का मोडतात? आणि आमच्यासारख्यांचं तिथे कोणी ऐकतं का?

सर, तुमची तक्रार खरी आहे आणि तिची बाजू मी बैठकीत पुष्कळदा मांडली आहे.

होतं असं की बटण खाली ठेवावं की वर, हे ठरवायला निम्म्या लोकांना एक मांडणी दाखवतात आणि निम्म्यांना दुसरी. पंधरा दिवसांनी आकडे बघतात. जिथे जास्त बोटं पडली ती मांडणी जिंकते. पण ज्यांना बटण सापडलं नाही आणि ज्यांनी कंटाळून फोन बाजूला ठेवला, ते या आकड्यात फक्त 'दाबलं नाही' एवढेच दिसतात. त्यांची चिडचिड कुठल्याच आलेखात येत नाही. म्हणून ती कोणीतरी लिहून कळवावी लागते.

आणि कळवल्याने फरक पडतो. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या. आपण मेसेज वाचला हे समोरच्याला कळू लागलं आणि लोक फार नाराज झाले. थोड्याच दिवसांत त्या बंद करायची सोय द्यावी लागली. त्याआधी, सप्टेंबर २००६ मध्ये, फेसबुकने न्यूज फीड आणलं. मित्रांची प्रत्येक हालचाल एका यादीत दिसायला लागली आणि लोकांनी फेसबुकवरच निषेधाचे गट काढले. फीड राहिलं, पण कोणती गोष्ट त्यात जाऊ द्यायची हे ठरवायचे पर्याय लोकांना मिळाले.

कसं लिहायचं ते सांगते, कारण इथेच बरीच पत्रं वाया जातात. एक तारा देऊन 'भिकार ॲप' लिहिलं तर आम्हाला त्यातून काहीच हाती लागत नाही. ॲपमध्येच मदत किंवा अभिप्राय अशी जागा असते, तिथून लिहा. तिथून लिहिलं की ॲपचं व्हर्जन आणि फोनचं मॉडेल बहुतेक वेळा आपोआप जोडलं जातं. तुम्ही काय करायला गेलात, कुठे अडकलात आणि आधी तेच कसं करत होता, एवढी तीन वाक्यं लिहा आणि सोबत स्क्रीनशॉट द्या. मराठीत लिहा, बिनधास्त. ज्योत्स्नाबाईंनी मराठीतच लिहिलं होतं.

शोधून देणारी कंपनी नकाशे काढते, व्हिडिओ दाखवते, फोनही चालवते. एकच काम नीट करावं असं यांना का वाटत नाही?

बऱ्याचदा ते पहिलं काम राखण्यासाठीच असतं. गूगलचं पोट जाहिरातींवर चालतं, जाहिराती शोधावर, आणि लोकांचे कितीतरी शोध जागेबद्दल असतात. सिडनीतल्या व्हेअर टू टेक्नॉलॉजीज या लहानशा कंपनीचा नकाशाचा प्रोग्रॅम होता. गूगलने ती कंपनी २००४ मध्ये घेतली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ब्राउझरमध्ये चालणारा गूगल मॅप्स खुला केला. त्याच वर्षी अँड्रॉइड घेतलं, कारण दुसऱ्याच्या फोनवर शोधाची चौकट ठेवायची तर ती त्याच्या मर्जीवर राहते. २००६ मध्ये १६५ कोटी डॉलरला यूट्यूब घेतलं.

ॲमेझॉनची गोष्ट वेगळी. सर्व्हर चालवायचं कसब अंगी आलेलं होतं, तेच २००६ पासून एस-थ्री (माहिती साठवायला) आणि ईसी-टू (प्रोग्रॅम चालवायला) या नावांनी इतरांना भाड्याने द्यायला लागले.

मला या विस्ताराची एकच धास्ती वाटते. मेल, फोटो, नकाशा, व्हिडिओ सगळं एका खात्यावर येतं, आणि ते खातं अडकलं की सगळंच अडकतं. आजच खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर अजून तुमचाच आहे ना, एवढं बघून घ्या. बंद केलेला नंबर तिथे तसाच राहिलेला मी फार लोकांचा पाहिला आहे.

नऊ वर्षांच्या नोंदी मी एका सेवेत लिहिल्या. काल मेल आला, 'ही सेवा बंद होत आहे'. काय करू?

तुमचं पत्र वाचून मला गूगल रीडर आठवलं, आवडत्या वेबसाइटवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारी सेवा. २००५ मध्ये आलेलं, मी ते रोज सकाळी उघडत असे. मार्च २०१३ मध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं आणि १ जुलैला बंद झालं. तेव्हा मलाही असंच रितं रितं वाटलं होतं. पण त्यांनी साडेतीन महिने दिले आणि २०११ पासून असलेल्या टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून आपली वेबसाइटची यादी बाहेर काढता येत होती, म्हणून माझं काही हरवलं नाही.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, तेव्हा गर्दी होते आणि फाईल तयार व्हायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' किंवा 'डेटा डाउनलोड' शोधा. नसेल तर कंपनीला लिहून मागा आणि उत्तर जपून ठेवा. फाईलचा प्रकार निवडायला मिळाला तर साधा मजकूर किंवा एचटीएमएल (वेबपानाचा प्रकार) घ्या, ते कशातही उघडतं. डाउनलोड झालेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पहिली नोंद, मधली एखादी आणि शेवटची वाचा. तारखा आहेत का, फोटो आलेत का, आणि जोडाक्षरं मोडली नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच खातं बंद करा. मोडली असतील तर मला पुन्हा लिहा, स्क्रीनशॉटसकट.