गाडीवर लावायच्या रबरी मॅग्नेट शीटला खाऱ्या हवेने गंज चढतो का?

शीटला नाही, गाडीला चढतो! मालवणात रेडियमचं दुकान आहे माझं. होमस्टेवाले गाडीच्या दारावर लावायला नावाची शीट करून नेतात, त्यामुळे हे रोजचंच.

शीटमध्ये लोखंडाचा पत्रा नसतो, फेराइटची पूड असते. म्हणजे स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमसोबतचा लोखंडाचा ऑक्साइड. जे आधीच ऑक्साइड आहे ते आणखी काय गंजणार? ही पूड रबरात मळून रोलरखाली लाटतात (फ्रिजच्या दारातली पट्टी मात्र शेवेसारखी साच्यातून दाबून काढतात) आणि मग चुंबकत्व देतात. उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक पट्ट्यांत. दोन तुकडे काळ्या बाजूने एकमेकांवर घासा, टक्-टक् अडकत सरकतील. कात्रीने खुशाल कापा. पण जोर बेताचाच, पुट्टी भरलेल्या जागी सुटते.

खरी भानगड शीटखाली. खारं पाणी, रेती तिथे अडकून बसते. एका गिऱ्हाइकाने अख्खा पावसाळा शीट काढली नाही. गणपतीत काढली तर दारावर बरोब्बर चौकोनात रंगाला फोड. आठवड्यातून दोनदा तरी काढून दार आणि शीट दोन्ही कोरडं पुसा.