शिकागोचे ग्रंथालय आणि पेशवाईतले सावकार

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इतिहासात एम.ए. करते आहे. उत्तर पेशवाईतील सावकार आणि कर्जव्यवहार या विषयावर पीएच.डी. करण्याची तिची इच्छा असून तिने युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचे नाव काढले आहे. ते खासगी विद्यापीठ आहे असे कळले. म्हणजे तेथे देणगी भरून प्रवेश मिळतो का? मराठ्यांचा इतिहास शिकायला अमेरिकेत जाणे उलटे नाही का? मुलगी म्हणते, 'बाबा, तिथले ग्रंथालय पाहा.' ग्रंथालयासाठी कोणी एवढे लांब जाते का?
– एक पालक, सांगली

उत्तर :

स.न.वि.वि.

'खासगी' हा शब्द आपल्याकडे गेल्या चाळीस वर्षांत संस्थाचालक आणि देणगी यांच्याशी इतका जोडला गेला आहे की आपल्याला आलेली शंका स्वाभाविक आहे. शिकागो विद्यापीठ खासगी आहे याचा अर्थ एवढाच की ते राज्य सरकारचे नाही. त्याला कोणी मालक नाही, नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत आणि त्याचा कारभार विश्वस्त मंडळ पाहते. १८९० मध्ये तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या सहा लाख डॉलर्सच्या आरंभीच्या देणगीतून ते उभे राहिले. देणगी तेथेही आहे, पण ती देणारे धनिक आणि माजी विद्यार्थी आहेत. प्रवेशासाठी ती मागितली जात नाही.

ग्रंथालयाचा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागतो, कारण आपल्या मुलीने विद्यापीठ तपासण्याची योग्य जागा हेरली आहे. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९१ मध्ये, म्हणजे पहिला वर्ग भरण्याच्या वर्षभर आधी, बर्लिनमधील एका पुस्तकविक्रेत्याचा प्रचंड साठा एकगठ्ठा विकत घेतला. विद्यार्थी यायचे होते, इमारती व्हायच्या होत्या, पण पुस्तकांची तजवीज झाली होती. संशोधन विद्यापीठ म्हणजे काय, हे मला या एका व्यवहारातून जितके कळते तितके माहितीपुस्तिकेतून कळत नाही.

आज त्या ग्रंथालयाच्या संग्रहात एक कोटीहून अधिक ग्रंथ असून तो अनेक इमारतींत विभागला आहे. कायद्याचे ग्रंथालय वेगळे आहे, गणिताचे वेगळे आहे आणि विज्ञान-वैद्यकासाठी क्रेरार ग्रंथालय आहे. आपल्या मुलीचा संबंध मुख्यत्वे १९७० मध्ये सुरू झालेल्या रेगेन्स्टाइन ग्रंथालयाशी येईल. तेथे वाचकाला कपाटांमधून स्वतः हिंडता येते. माझ्या विद्यार्थिदशेत एका ग्रंथालयात चिठ्ठी देऊन दीड तास थांबावे लागे आणि शेवटी 'पुस्तक जागेवर नाही' हे उत्तर मिळे. त्यामुळे हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारी ठेवलेले, आपल्याला ठाऊकच नसलेले पुस्तक हाती लागण्याचे मोल मी चांगले जाणतो. जागा अपुरी पडू लागल्यावर अनेक विद्यापीठांनी पुस्तके गावाबाहेरच्या गोदामात हलवली. शिकागोने ती आवारातच ठेवायचे ठरवले आणि २०११ मध्ये शेजारीच काचेच्या घुमटाचे मॅन्सुएटो ग्रंथालय उघडले. घुमटाखाली वाचनकक्ष आहे आणि त्याच्या खाली जमिनीत सुमारे ५० फूट खोलवर ३५ लाख ग्रंथ मावतील असे कोठार आहे. तेथे पुस्तके विषयानुसार नव्हे, तर आकारानुसार पेट्यांत रचलेली असतात आणि मागणी नोंदवली की यांत्रिक क्रेन योग्य ती पेटी काही मिनिटांत वर आणते.

या साठ्यात मराठी पुस्तके कोठून आली, ही कथा आपल्या पिढीला जवळची वाटेल. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू आणि रेशनवरचा मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आपल्याला आठवत असेल. त्या धान्याचे पैसे भारताने अमेरिकेला रुपयांत चुकते केले, आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून भारतात छापलेली पुस्तके व नियतकालिके खरेदी होऊन अमेरिकेतील निवडक ग्रंथालयांत जाऊ लागली. शिकागो त्यांपैकी एक होते. आपण मिलोच्या भाकरीला कंटाळलो होतो त्या दिवसांत, तिच्याच हिशेबातून मराठी पुस्तके शिकागोत मिशिगन सरोवराकाठी जमत होती. त्यामुळे तेथे मराठी ग्रंथ तमिळ, बंगाली, उर्दू आणि फारसी ग्रंथांच्या सोबतीने मिळतात, आणि सावकारीचा अभ्यास करणाऱ्याला अशा तुलनेची फार गरज असते.

त्या संग्रहाचा एक भाग तर सांगलीत बसूनही वापरता येतो. विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश विनामूल्य खुले आहेत. जुन्या हिशेबातील शब्द अडला की तिने हे कोश आजपासूनच उघडावेत.

आता उलट बाजू. तिच्या विषयाची मूळ कागदपत्रे शिकागोत नाहीत. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहही पुण्यातच आहे. शिकागोला गेलेला संशोधकही त्यांसाठी परत पुण्यालाच येतो. म्हणून त्या कागदपत्रांची मोडी लिपी वाचता येत नसेल तर परदेशाचा विचार तूर्त बाजूला ठेवून तिने ती आधी शिकावी. मोडीवर हुकूमत आणि फारसीची तोंडओळख असलेली अर्जदार निवड समितीला चांगल्या गुणांच्या अर्जदारापेक्षा अधिक वजनदार वाटेल, असे माझे मत आहे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. तेथे मानव्यविद्यांतील पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यास सहसा शिक्षणशुल्क माफ होते आणि निर्वाहासाठी विद्यावेतन मिळते. एका वर्षाचे मास्टर्सचे अभ्यासक्रम मात्र महाग असतात. त्यांसाठी घर गहाण ठेवू नये. शिवाय २०२५ मध्ये विद्यापीठाच्या कला व मानव्यविद्या शाखेने २०२६-२७ साठी अनेक विभागांतील पीएच.डी. प्रवेश थांबवले किंवा कमी केले. दक्षिण आशियाई भाषा व संस्कृती हा विभाग याच शाखेत येतो, तर इतिहास विभाग सामाजिक शास्त्रांच्या शाखेत आहे. अर्ज कोणत्या विभागात करायचा हे म्हणूनच केवळ आवडीवर ठरवून चालणार नाही; दोन्ही विभागांची त्या वर्षीची प्रवेशसूचना वाचून मगच शुल्क भरावे.

तोवर एक काम तिला सांगा. शिकागोच्या ग्रंथालयाची सूची इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. तीत आपल्या विषयावरची पंचवीस पुस्तके तिने शोधावीत, त्यांतली पुण्यात किती मिळतात ते पडताळावे आणि न मिळणाऱ्यांची यादी मला पाठवावी. ती यादी पाहून तिच्या अर्जासोबतच्या उद्देशपत्राविषयी मला अधिक नेमके लिहिता येईल.