भोंगा थांबला, फाइल फिरत राहिली

प्रश्न : बाबा गिरणीच्या साचेखात्यात (मागांवर कापड विणायच्या खात्यात) होते. 'गिरणी बीआयएफआरला गेलीय' असं ते वर्षानुवर्षं सांगत. म्हणजे नेमकं काय? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : मी तेव्हा परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होतो. हा शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो. बीआयएफआर म्हणजे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ. १९८५ च्या कायद्याने आजारी उद्योगांसाठी ते आलं. साठलेल्या तोट्याने कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) गिळलं की तिथे जायचं, मग पुनर्वसनाची योजना. खरी गोम त्या कायद्याच्या कलम २२ मध्ये : प्रकरण चालू असेतो मंडळाच्या परवानगीशिवाय धनकोंना वसुली करता येत नसे. मालकाला छत्री मिळाली, साचे गंजत राहिले. आमच्या योजनेत सुतापेक्षा जमीनविक्रीचेच आकडे जास्त. मीच टाइप केले होते ते! मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने जमीन विकण्याची ती वाटही मोकळी केली. १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९८३ मध्ये, सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. त्यांतल्याही बहुतेक पुढे बंदच पडल्या.

मंडळ डिसेंबर २०१६ मध्ये गुंडाळलं; आता अशी प्रकरणं दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातात. बाबांचं गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र) आणि पीएफची पावती मात्र टाकू नका. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचा अर्ज असेल, तर पुरावा तोच.