मगरीच्या पोटात दगड का सापडतात? अन्न दळण्यासाठीच ना?

दगड गिळण्याचं नक्की कारण काय, यावर जाणकारांचंही एकमत नाही. उत्तर इथेच संपलं असतं, पण याच दगडांवरून माझं एका वरिष्ठांशी चांगलंच वाजलं होतं.

पिंजऱ्यातली एक मोठी मादी ऐन थंडीत मेली. शवविच्छेदनाला मी मदतीला होते. जठर उघडल्याबरोबर दगड दिसले आणि सर म्हणाले, "दगडांनी आतडं अडलं, लिहून टाका." आतडं तर अजून कापलंही नव्हतं! मी ते उघडून दाखवलं: सुरुवातीपासून अवस्करापर्यंत (मल-मूत्र जिथून बाहेर पडतं त्या शेवटच्या कप्प्यापर्यंत) मोकळं. दगड सगळे जठराच्या मोठ्या, जाड स्नायूंच्या कप्प्यात. त्यापुढचा लहान कप्पा रिकामा, आणि तिथून आतड्यात जाणारं दार इतकं अरुंद की तसले दगड पुढे सरकणारच नाहीत. दगडांच्या बाजूला मात्र कुजलेल्या मांसाचे गोळे होते, उभं राहवत नव्हतं अशा वासाचे. त्यातल्या हाडांच्या कडा अजून धारदार होत्या.

मला तेवढं पुरेसं होतं. मगर घास चावून खात नाही, तुकडा तोडते आणि गिळते. पुढची मदार आम्लावर. धडधाकट मगरीच्या जठरात हाडं विरघळतात; केस, नखं, शिंगं तशीच राहतात आणि पुढे त्यांचे गोळे ओकले जातात. दगडांचं जातं सगळं दळत असतं तर हाडांचा चुरा तरी मागे उरला असता. हे आम्ल तयार व्हायला ऊब लागते. साधारण 30 अंश सेल्सिअसला पचन छान चालतं, तापमान वीस अंशांच्या आसपास आलं की मगर स्वतःच खाणं टाकते. त्या मादीला मात्र 'अशक्त होईल' म्हणून आग्रहाने भरवलं जात होतं. न पचलेलं आत सडलं. मोठी मगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते, हे सांगून मी थकले होते.

हृदयाचाही यात हात आहे. उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून) एक वेगळी महाधमनी निघते आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं रक्त जठराकडे नेते. आम्ल बनवायला तोच कच्चा माल. 2008 साली संशोधक कॉलीन फार्मर आणि सहकाऱ्यांनी अलिगेटरांमध्ये (मगरीच्या जवळच्या नातलगांमध्ये) ही वाट बंद केली, तर आम्लाचा स्राव घटला आणि हाडं पचायला वेळ लागला. (2010च्या दुसऱ्या प्रयोगात अशा अलिगेटरांची वाढ काही कमी झाली नाही, हेही सांगायला हवं.)

दगड अगदीच निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. जठर पक्ष्यांच्या पेषणीसारखं (दाणे दळणाऱ्या पोटाच्या कप्प्यासारखं) स्नायुमय आहे, त्यामुळे घुसळायला थोडी मदत होत असेल. दगड गिळलेली अलिगेटरची पिल्लं पाण्याखाली जास्त वेळ राहतात, असंही एका प्रयोगात दिसलंय. पण त्यांचं वजन शरीराच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर मरणाचं खापर?

अहवालात शेवटी 'बाह्य वस्तूंमुळे अडथळा' असंच गेलं. तुमच्या ओळखीत कुणी मगर सांभाळत असेल तर थंडीत भरवू नका म्हणावं, आणि ती मेलीच तर आधी आतडं उघडा, खाद्याची नोंदवही मागवा. दगड नंतर मोजले तरी चालतात.