१५ वर्षांची बर्बन लेबल न बघता खरंच ओळखता येते का?

तुम्ही विचारलंय की १२-१५ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, लेबल न बघता ओळखू येते का, घरच्या घरी हे कसं करून बघायचं आणि तिच्यावर एवढे पैसे घालावेत का. वेगळी आहे एवढं ओळखू येतं, नेमकं वय नाही. मी ओळखली आहे, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्यावरून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी रबाळे एमआयडीसीत फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. ११ वर्षं रोज ट्रान्स-हार्बरने जायचं आणि दिवसभर वास घ्यायचे, चवी नोंदवायच्या, हेच माझं काम. मोठे दीर अमेरिकेहून पाचपाखाडीला आमच्याकडे आले तेव्हा दोन बाटल्या घेऊन आले. एक १५ वर्षांची, ४५ टक्के अल्कोहोलची. दुसरी बॉटल्ड-इन-बॉन्ड, म्हणजे १८९७ च्या कायद्याप्रमाणे एकाच डिस्टिलरीत एकाच हंगामात काढलेली, किमान ४ वर्षं मुरवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. मी दोन्ही चाखल्या आणि म्हटलं, पंधरा वर्षांचीत लाकूड फार उतरलंय, दुसरी जास्त चांगली आहे. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं काम एसेन्सचं. ही खरी वस्तू आहे, हिला कळायला वय लागतं." ते मला फार लागलं. चार दिवस लागलेलंच होतं.

रविवारी मी बाटल्या सासूबाईंच्या हातात दिल्या. त्या दारूला शिवत नाहीत, पण स्वयंपाकघरातून ओतून द्यायला आणि हिशेबाच्या वहीत नोंद ठेवायला तयार झाल्या. काचेचे ग्लास मी घेऊच दिले नाहीत. स्ट्रेट बर्बनमध्ये, म्हणजे किमान २ वर्षं मुरवलेल्या बर्बनमध्ये, रंग मिसळायला परवानगी नाही, सगळा रंग पिंपाचा, त्यामुळे गडद कुठली ते डोळ्यांनाच कळतं. घेतली स्टीलची फुलपात्रं, वर झाकण म्हणून वाट्या, आत फक्त ५ मिली. ५० टक्क्यांचीत आधीच पाणी घालून ती ४५ वर आणली होती, नाहीतर जळजळीवरूनच ओळखू आली असती. ३० मिलीला साधारण ३.३ मिली पाणी लागतं, सुई काढलेल्या सिरिंजने नीट मोजता येतं.

प्रत्येकापुढे तीन फुलपात्रं, दोन सारखी, एक वेगळं. वेगळं कुठलं ते सांगायचं. कंपनीत आम्ही याला ट्रँगल टेस्ट म्हणतो. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं, चारही फेऱ्या बरोबर यायला ८१ त एक. माझ्या चारही आल्या. भाऊजींची एक आली, आणि त्या एका फेरीत त्यांनी 'ही जुनी' म्हणून बोट ठेवलं ते बॉन्डवालीवर.

तुमच्या प्रश्नातली खरी गोम इथे आहे. दोन बाटल्या वेगळ्या आहेत हे कळणं निराळं, आणि त्यातली जुनी कुठली हे कळणं निराळं. वय असं जिभेला कळत नाही, कळतं ते लाकूड. बर्बनला नवं, आतून जाळलेलं ओकचंच पिंप लागतं. व्हॅनिला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास, लवंग, हे सगळं त्या ओकमधून येतं. जास्त मुरली की काताचा, उकळून काळ्या झालेल्या चहाचा तुरटपणा येतो आणि घोट गेल्यावर हिरड्यांना धरून बसतो. मी तोच शोधत होते. पण केंटकीच्या, म्हणजे जिथे बहुतेक बर्बन बनते त्या अमेरिकेतल्या राज्याच्या, गोदामात वरच्या मजल्यावर उन्हाळाभर तापलेलं पिंप आणि तळमजल्यावरचं पिंप एकाच वर्षी भरलं तरी सारखं मुरत नाही. त्यामुळे 'ही १२ ची, ही १५ ची' असं चाखून छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

भाऊजींचं म्हणणं, स्कॉच १८ वर्षांची चांगली लागते, मग बर्बन का नाही? कारण स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, त्यातली कितीतरी पिंपं बर्बनचीच वापरून झालेली असतात. त्यांचा जोर आधीच उतरलेला असतो आणि स्कॉटलंडची हवाही थंड. नव्या लाकडात आणि केंटकीच्या उन्हाळ्यात १५ वर्षं म्हणजे फार झाली. हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं होतं. लेबलवरचं वय आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं, ते खोटं नसतं. पण त्या आकड्याला चव समजून पैसे मोजू नका. मी असते तर ६ ते १० वर्षांची घेतली असती.

आता थोडं सांभाळून. जास्त मुरूनही सुरेख राहिलेल्या बर्बन असतात, मी सगळ्या चाखलेल्या नाहीत. आमच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, धान्याचं प्रमाणही निराळं असणार, म्हणजे फरक निव्वळ वयाचा होता असं मीही म्हणू शकत नाही. जमलं तर एकाच कंपनीच्या, एकाच कृतीच्या दोन वयांच्या घ्या. सर्दी असेल तर करू नका. महाराष्ट्रात यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही.

भाऊजी अजून म्हणतात की पाणी घातलं म्हणून घोळ झाला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी न घालता पुन्हा करायची माझी तयारी आहे. फक्त ती १५ वर्षांची बाटली आता पाव उरली आहे, आणि उघडून इतके महिने हवा लागलेल्या बाटलीवर हे करण्यात अर्थ नाही. नवी लागेल. ती या वेळी मी घेणार आहे.