ती अजून वास घेते

"ताई, दारू सोडून मला १४ महिने झाले. एक थेंबही घेतलेला नाही. तरी मी घरात शिरलो की बायको काहीतरी निमित्त काढून जवळ येते आणि हळूच श्वास ओढते. मला कळतं ते. परवा उशीर झाला, तिनं तेच केलं आणि माझं डोकं फिरलं. दार आपटून निघालो, फोन बंद केला, दोन तास फिरत राहिलो. पण प्यायलो नाही. परत आलो तर ती आणि मुलगी दोघी जाग्याच. तेव्हापासून मुलगी बोलत नाही. १९व्या वर्षी प्यायला लागलो, आज ३८ वर्षांचा आहे. मी बदललोय हे यांना कधी पटणार?"

१४ महिने ही गंमत नाही. हे आधीच बोलून घेते, कारण पुढचं तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

ते दोन तास तुम्ही "पण प्यायलो नाही" एवढ्यात उरकलेत. तेच दोन तास घरात बसून बघा. दार आपटलेलं, फोन बंद, बाहेर रात्र. त्या दोघींनी हे आधी किती वेळा पाहिलं असेल? या वेळी फक्त बाटली नव्हती, आणि ती नाही हे तुम्ही परतेपर्यंत त्यांना कळायचं कसं?

तुमची बायको ठरवून संशय घेत नसणार. आजची रात्र कशी जाणार हे तिला इतकी वर्षं त्या एका श्वासावरून कळत होतं. ती सवय तुमच्या तारखेला सुटणार नाही. पुढच्या वेळी ती जवळ आली की नुसते उभे राहा. "घे, बघ" असं टोमण्यात म्हणणार असाल तर गप्प राहिलेलं बरं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांची दारू १९३४ साली सुटली. पुढे १९५८ मध्ये त्यांनी भावनिक सोबरायटीबद्दल, म्हणजे दारू सुटल्यावर मनाचा तोल सांभाळण्याबद्दल, लिहिलं. इतक्या वर्षांनीही आपण नैराश्यात का जातो, हे शोधताना त्यांना मुळाशी दिसलं ते लोकांच्या पसंतीवरचं अवलंबून राहणं. तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवलं. दारूची तलफ गेली असेल, पण बायकोच्या पटण्याची तलफ लागलीय. ते मिळालं नाही की दार आपटतं.

माणूस प्यायला लागतो त्या वयातच मनानं अडकतो, असं म्हणतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही. पण राग आला, लाज वाटली की ते तसंच अंगावर घेऊन बसायचा सराव तुमचा राहून गेला, हे नक्की. तो आता करायचाय, आणि कंटाळवाणा आहे. राग आल्यावर बाहेर जायला माझी हरकत नाही. जाण्याआधी एवढं बोला: "डोकं तापलंय, अर्ध्या तासात येतो, फोन चालू आहे." आणि तिसाव्या मिनिटाला दारात हजर राहा, राग उतरला नसला तरी.

मुलीशी फक्त त्या रात्रीबद्दल बोला. "मी फोन बंद केला, तू घाबरली असशील, चूक माझी होती." १४ महिन्यांचा हिशेब मध्ये आणू नका, आणि ती काय म्हणते याची वाट बघत तिथे उभे राहू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमधली नववी पायरी भरपाईची आहे. भरपाईत समोरच्यानं पावती द्यायची नसते. बायकोसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा गट. तिला एकदा सांगा आणि सोडून द्या. मीटिंगचा पत्ता उशाशी ठेवायला जाऊ नका.

आणि एक. दोन तास कुठे फिरलात, ते पत्रात नाही. पावलं एखाद्या ओळखीच्या गुत्त्यावरून गेली असतील, तिथे क्षणभर थबकली असतील, तर ते मला कळवत बसू नका. तुमच्या स्पॉन्सरला, म्हणजे संघटनेतल्या तुमच्या अनुभवी सोबत्याला, किंवा समुपदेशकाला आजच फोन करून सांगा.